मदत हवी आहे: तोंडाच्या कर्करोगात ऑपरेशनआधी केमो घेतलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे. माझ्या दादाला, वय ४८, डाव्या गालाच्या आतून कर्करोग निघालाय. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आला, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. कॉलेजपासून तंबाखू-सुपारीचा मावा खायचा, इथे गल्लोगल्ली मिळतोच. आता तोंडात जेमतेम एक बोट जातं. वहिनी वरणभात मिक्सरमधून काढते, गाळते आणि सिरिंजने ओठांच्या कोपऱ्यातून थोडा थोडा सोडते. एका वाटीला पाऊण तास लागतो.

अडचण अशी की दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगताहेत. पहिले म्हणाले, लगेच ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन). दुसऱ्यांनी सीटीच्या फिल्म स्वतः लावून बघितल्या आणि म्हणाले, गाठ जबड्यामागे चावण्याच्या स्नायूंमध्ये शिरलीय, वरून सूजही गालाच्या हाडापर्यंत आलीय. आत्ता कापलं तर कडा स्वच्छ मिळतील, म्हणजे कडेला कर्करोग उरणार नाही, याची खात्री नाही. आधी केमोच्या दोन सायकल (फेऱ्या), मग पुन्हा सीटी, मग ठरवू. घरात केमो म्हटलं की 'आता काही उरलं नाही' असंच सगळे धरून बसतात, आई तर रडतेच आहे.

मी जमेल तेवढं वाचलं. जी गाठ सरळ काढता येते तिथे आधी केमो देऊन आयुष्य वाढत नाही, असं चीनमधल्या २५६ रुग्णांच्या २०१३च्या अभ्यासात दिसलं. पण ज्यांची गाठ आज काढता येण्याजोगी नाही अशा ७२१ रुग्णांचा टाटा हॉस्पिटलचा अभ्यास २०१४ साली आला, त्यात केमोनंतर ४३ टक्के रुग्णांची गाठ ऑपरेशन करण्याइतपत आटोक्यात आली. म्हणजे सगळं येऊन अडतं ते दादा यांतल्या कुठल्या गटात बसतो इथेच, आणि नेमकं त्याच्यावरच दोघांचं एकमत नाही. अशा वेळी सर्जन, केमोवाले आणि शेकवाले डॉक्टर एकत्र बसून केस बघतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तसं तुमच्यापैकी कुणी करवून घेतलंय का? अहमदाबादचं जीसीआरआय (गुजरातचं कॅन्सर हॉस्पिटल) जवळ पडतं, मुंबईत परळचं टाटा लांब. नुसत्या मतासाठी मुंबई गाठावी का?

दुसरी काळजी दादाच्या तब्येतीची. केमोची डोसिटॅक्सेल आणि सिस्प्लॅटिन ही औषधं देणार म्हणतात, जमलं तर तिसरं ५-एफयू. सिस्प्लॅटिनने किडनीवर ताण येतो, आणि याच्या पोटात धड पाणीसुद्धा जात नाही. वजन तर डोळ्यांदेखत उतरतंय. नाकातून नळी केमोच्या आधीच घालून घ्यावी का? दादा नळीला नाही म्हणतो. तुमच्या घरी कुणाला कसं पटवलंत?

आणि सगळ्यात जास्त धास्ती मला याची वाटते: आमच्या ओळखीतल्या एका काकांचं पहिल्या सायकलनंतर दुखणं थांबलं, तोंड थोडं उघडायला लागलं, तसं त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला. काही महिन्यांत गाठ परत वाढली, मग कुणी हात लावेना. आमचे डॉक्टर आत्तापासून बजावताहेत की गाठ कितीही आक्रसली तरी कापताना ती मूळ जिथवर होती तिथवरचा भाग काढावा लागेल, जबड्याचा तुकडाही जाईल. दादाला हे आत्ताच सगळं सांगावं की एकेक पायरीने? तो मनाने खंबीर आहे, पण आरशात बघणं त्याने सोडलंय.

खर्चाचंही विचारते. गुजरातेत आयुष्मान कार्डावर २०२३पासून १० लाखांपर्यंत उपचार होतात. तेच कार्ड मुंबईत चालवलंय का कुणी? पूर्ण रक्कम धरतात की केंद्राच्या योजनेचे पाचच लाख?

कृपया हळद, गोमूत्र, काढे सुचवू नका, ते घरी येणारा प्रत्येक जण सुचवून जातो. ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांनी केमो घेऊन मग ऑपरेशन केलं, किंवा गाठ न आटल्यामुळे करता आलं नाही, त्यांनी दोन ओळी तरी लिहा. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना होकार की नकार ते कळवायचंय.