एक रंगमंच, चार नाटके: विद्यापीठाच्या नाट्यहंगामाचा क्रम कशावरून ठरवावा?

प्रश्न – नवी समन्वयक

नमस्कार. मी विद्यापीठाच्या नाट्यविभागात अभिनय शिकवते. पुढील वर्षीच्या नाट्यप्रयोगांच्या समन्वयाचे काम या वेळी प्रथमच माझ्याकडे आले आहे. वर्षभरात चार नाटके करायची आहेत. सभागृह एकच आहे, नेपथ्याची कार्यशाळाही एकच, आणि जे तीस-पस्तीस विद्यार्थी रंगमंचावर उभे राहणार, तेच फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) रंगवणार, कपडे शिवणार, प्रकाशयंत्रणा चालवणार आणि मध्येच परीक्षाही देणार आहेत.

‘कायदा आणि व्यक्ती’ हे सूत्र डोळ्यांपुढे ठेवून मी प्राथमिक यादी केली आहे. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’मध्ये राजाची आज्ञा मोडून बहीण भावाला मूठमाती देते. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधील नोराने नवऱ्याचा जीव वाचवण्यासाठी कर्जाच्या कागदावर वडिलांची खोटी सही केलेली असते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळ म्हणून मांडलेला खटला बेणारेबाईंच्या आयुष्यावरच उलटतो. चौथे नाटक अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लिहिले आहे आणि तोच ते दिग्दर्शित करणार आहे. क्रम काळानुसार ठेवावा असे मला वाटते: इसवी सनापूर्वी 441 च्या सुमाराचे नाटक आधी, मग 1879 चे, त्यानंतर 1967 चे आणि शेवटी आजचे. प्रेक्षकाने वर्षभरात ही वाट क्रमाने चालावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ज्यांनी असे हंगाम प्रत्यक्ष उभे केले आहेत त्यांना विचारावेसे वाटते की हा विचार पुरेसा आहे का, आणि नसल्यास काय सुटते आहे.

प्रतिसाद 1 – नेपथ्यशाळा

मॅडम, आपली यादी चांगली आहे. सूत्र नाटकांवर लादलेले वाटत नाही, ते त्यांच्या आतूनच आलेले आहे. क्रमाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. मी बरीच वर्षे विद्यापीठाच्या कार्यशाळेत नेपथ्य उभारण्याचे आणि ते शिकवण्याचे काम करतो आहे, त्यामुळे हंगामाकडे मी नाटकांच्या बाजूने न पाहता दोन नाटकांच्या मधल्या दिवसांच्या बाजूने पाहतो.

एका नाटकाला सभागृह किती दिवस लागते, याचा हिशेब आधी मांडावा. नेपथ्य उभे करणे, दिवे टांगून त्यांची दिशा ठरवणे, तांत्रिक तालीम, रंगीत तालीम, प्रत्यक्ष प्रयोग आणि शेवटी सगळे उतरवून रंगमंच मोकळा करणे, एवढे सगळे धरले तर विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात अडीच ते तीन आठवडे सहज जातात. शिवाय नेपथ्य सभागृहात येण्यापूर्वी ते कार्यशाळेत तयार व्हावे लागते, आणि ते तयार होत असताना आधीचे नाटक नेमके तांत्रिक तालमीच्या टप्प्यावर असते. म्हणजे ज्या आठवड्यात हात सर्वांत जास्त लागतात, त्याच आठवड्यात ते दोन ठिकाणी हवे असतात. हंगाम कोलमडतो तो बहुधा इथे.

आता आपली नाटके पाहू. सर्वांत जड काम इब्सेनचे आहे. तिन्ही अंक एकाच दिवाणखान्यात घडतात, त्यामुळे दृश्यबदल नाहीत हे खरे. पण ती खोली खरी वाटली पाहिजे. एक दार बाहेरच्या दालनाकडे, दुसरे नोराच्या नवऱ्याच्या, हेल्मरच्या अभ्यासिकेकडे, त्याशिवाय पियानो, नाताळचे झाड आणि ज्या टपालपेटीतल्या पत्रावर सगळा तिसरा अंक लटकलेला असतो ती पेटी. ही खोली ‘अँटिगनी’च्या पाठोपाठ लगेच उभी करायची म्हटली, तर ती वर्षाच्या पहिल्याच नाटकाच्या धावपळीत तयार करावी लागेल आणि त्या वेळी नवीन विद्यार्थ्यांना करवत कशी धरायची हेही नीट आलेले नसेल. म्हणून इब्सेनच्या आधी कार्यशाळेला सलग मोकळे आठवडे मिळतील अशी जागा शोधावी. सत्रांमधली सुट्टी असेल, तर ती त्याच्या आधी येऊ द्यावी.

दारांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण याच नाटकाने मला ते शिकवले. अखेरीस नोरा निघून जाते आणि खालच्या मजल्यावरून जड दार बंद झाल्याचा आवाज येतो. आम्ही हे नाटक केले तेव्हा तो आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला होता. तांत्रिक तालमीत तो स्पीकरमधून प्रेक्षकांच्या डोक्यावरून आला आणि सगळ्या प्रसंगाचा जीवच गेला, कारण नोरा एका बाजूला गेली होती आणि दार दुसरीकडे बंद झाले. मग दोन विद्यार्थ्यांनी रात्री जागून विंगेच्या मागे एक भक्कम चौकट उभी केली, तिला खरे लाकडी दार आणि लोखंडी कडी लावली, आणि चौकट हलू नये म्हणून तिच्या पायावर वाळूच्या पिशव्या टाकल्या. पुढच्या तालमीत ते दार बंद झाले तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वेशभूषाकार सहकारी दचकल्या. ते दार आधीपासून यादीत असायला हवे होते, पण घाईत ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

तेंडुलकरांच्या नाटकाचे नेपथ्य त्या मानाने सोपे आहे. एक सभागृह, खुर्च्या, टेबल आणि दार. पण त्यातही दार म्हणजे नुसती सजावट नव्हे. सुरुवातीला बेणारेबाईंचे बोट कडीत सापडते आणि पुढे त्या बाहेर पडू पाहतात तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेले असते. दोन नाटके एकामागोमाग ठेवली, तर दाराची चौकट एकच बनवता येईल आणि रंग तेवढा बदलावा लागेल. लाकूडही वाचेल, आणि वजन पेलणारी चौकट कशी बांधायची हे विद्यार्थी एकदा नीट शिकतील.

प्रतिसाद 2 – पात्रयोजना

नेपथ्याच्या बाजूने सांगितलेले सगळे मान्य आहे. मी दिग्दर्शन शिकवते, त्यामुळे माणसांच्या बाजूने लिहिते.

‘अँटिगनी’ वर्षाच्या आरंभी ठेवू नये, याचे कारण माझ्या दृष्टीने नेपथ्य नसून कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-हलणारा समूह, आहे. ग्रीक रंगभूमीवर त्या काळी तीनच नट मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करत आणि कोरसात पंधरा जण असत. आपण भूमिका तिघांना वाटू किंवा आठ-नऊ जणांना, पण कोरस मात्र हवाच. विद्यापीठाच्या दृष्टीने तर तो मोठाच आधार आहे, कारण पहिल्या वर्षाच्या बारा-पंधरा विद्यार्थ्यांना त्यात पूर्ण वेळ रंगमंचावर राहता येते. प्रश्न असा की पंधरा जणांनी एका श्वासात बोलणे आणि एका वजनाने पाऊल टाकणे सहा आठवड्यांत येत नाही. त्यासाठी त्यांनी एकमेकांसोबत बरेच दिवस काढलेले असावे लागतात. ज्यांना अजून एकमेकांची नावेही पाठ नाहीत, त्यांचा कोरस म्हणजे एकाच वेळी बोलणारी पंधरा माणसे एवढेच राहते. हे नाटक वर्षाच्या उत्तरार्धात ठेवा आणि पहिल्या सत्रातल्या आवाज व देहबोलीच्या तासांतच कोरसाचे काम सुरू करा. तालीम जाहीर होईल तेव्हा निम्मे काम झालेले असेल.

दुसरी गोष्ट स्त्री-भूमिकांची. ‘शांतता!’मध्ये बेणारेबाई आणि काशीकरबाई या दोनच स्त्रिया आहेत. बहुतेक नाट्यविभागांत अभिनयाकडे मुली मोठ्या संख्येने येतात, आणि हंगाम ठरवताना हा हिशेब केला नाही, तर वर्षाच्या शेवटी असे दिसते की चांगल्या तयारीच्या चार-पाच मुलींनी वर्षभर केवळ कपड्यांना इस्त्री केली. मला हे फार लागते. कारण वेशभूषा हलकी आहे असे नाही, तर त्या मुलींनी अभिनय शिकण्यासाठी प्रवेश घेतलेला असतो. आपल्या नवीन नाटकात किती स्त्रिया आहेत, हे त्या विद्यार्थ्याला आजच विचारा. तिथेही कमी असतील, तर यादीतले एक नाटक बदलण्याचा विचार व्हावा. स्पॅनिश नाटककार लोर्काचे ‘बर्नार्दा आल्बाचे घर’ पाहा. लोर्काने ते 1936 मध्ये, स्वतःची हत्या होण्याच्या थोडेच आधी, लिहून पूर्ण केले आणि त्यात रंगमंचावर एकही पुरुष येत नाही. आईचा हुकूम हाच तिथला कायदा आहे, त्यामुळे आपले सूत्रही सुटणार नाही.

नोरा आणि बेणारे एकाच मुलीला देऊ नका. नोरा जवळजवळ सगळ्या नाटकभर रंगमंचावर असते, आणि बेणारेबाईंचे अखेरचे दीर्घ स्वगत सगळे बळ मागते. एकीची तालीम दुसरीच्या प्रयोगांवर येईल आणि मुलीचा घसा बसेल.

परवानगीचेही पाहून घ्या. इब्सेन 1906 मध्ये वारले, त्यामुळे मूळ नाटक खुले आहे, पण आपण ज्या अनुवादावरून प्रयोग करणार, त्या अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो. सोफोक्लीसबाबतही तेच. तेंडुलकरांचे निधन 2008 मध्ये झाले आणि भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क टिकतो, तेव्हा त्यासाठी लेखी परवानगी लागेल. ती हाती येण्यापूर्वी हंगाम जाहीर करू नये.

नवी समन्वयक

दोघांचेही मनापासून आभार. दाराचा आणि कोरसाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. चौकशी केली, तर नवीन नाटकात पाच स्त्री-भूमिका आहेत आणि ते जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर करायचे आहे. आता ‘शांतता!’ पहिले, सुट्टीनंतर ‘डॉल्स हाउस’, मग ‘अँटिगनी’ आणि शेवटी नवीन नाटक, असा क्रम योग्य होईल का? नवीन संहितेला लिहिण्यासाठी जास्तीत जास्त वेळ मिळावा म्हणून ती शेवटी ठेवते आहे.

प्रतिसाद 3 – विंगेतून

मॅडम, मी विद्यार्थिनी असताना दोन वर्षे रंगमंच व्यवस्थापक होते, आणि आपल्या शेवटच्या वाक्याने मला एक प्रयोग आठवला म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडेही विद्यार्थ्याचे नवे नाटक शेवटी ठेवले होते. लेखकाला वेळ मिळाला, पण त्याने तो तांत्रिक तालमीच्या दिवसापर्यंत वापरला. त्या दुपारी मला सात नवी पाने मिळाली. माझ्या वहीत प्रत्येक दिव्याची आणि आवाजाची खूण पेन्सिलने संवादासमोर लिहिलेली असायची, ती सगळी पाने मी उभ्याउभ्या पुन्हा आखली. एक खूण मात्र राहिली. दुसऱ्या अंकाचा अंधार ज्या वाक्यावर व्हायचा, ते वाक्य नव्या पानांत कापले गेले होते. प्रकाशयंत्रणेवर बसलेला मुलगा त्या वाक्याची वाट पाहत राहिला. दोघे नट प्रसंग संपवून उजेडात तसेच उभे होते, आणि प्रेक्षागृहातला शांतपणा हळूहळू अवघडलेपणात बदलत गेला. मी कानातल्या यंत्रात ‘अंधार’ म्हणाले तेव्हा बराच उशीर झाला होता. चूक माझीच होती आणि ती मी तेव्हाही मान्य केली, पण इतक्या उशिरा पाने बदलू देणारी व्यवस्थाही योग्य नव्हती.

नव्या नाटकाला वेळ हवा तो तालमीच्या आधी. सत्र सुरू होताच सर्व विद्यार्थ्यांसमोर त्याचे वाचन ठेवा, महिन्याने दुसरे वाचन करा, आणि तालीम सुरू झाल्यानंतर कोणत्या तारखेपासून एकही शब्द बदलणार नाही हे लेखकाकडून लिहून घ्या. एवढे केले, तर ते तिसरे येऊ शकते. तिसऱ्या स्थानाचे दोन फायदे आहेत. इब्सेनच्या जड नेपथ्यानंतर कार्यशाळेला श्वास घ्यायला मिळेल आणि ‘अँटिगनी’च्या कोरसाला आणखी काही आठवडे मिळतील. शिवाय हंगामातले शेवटचे नाटक थकलेल्या हातांवर आणि संपत आलेल्या पैशांवर उभे राहते. पहिल्यांदाच दिग्दर्शन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ते येऊ नये, असे मला फार वाटते. अनुभवी दिग्दर्शक त्या परिस्थितीतून वाट काढतात.

एक विनंती आहे. नेपथ्य उतरवण्याच्या दिवशी पुढच्या नाटकाची तालीम ठेवू नका. त्या दिवशी सगळे कार्यशाळेत लागतात, आणि खिळा पायात जाण्याचे प्रसंग घाईच्या त्याच दिवशी घडतात.

नवी समन्वयक

क्रम बदलला: ‘शांतता!’, ‘डॉल्स हाउस’, नवीन नाटक, ‘अँटिगनी’. काळाचा क्रम मोडला आणि प्रेक्षक सर्वांत जुन्या नाटकाशी शेवटी येऊन पोहोचेल, पण आता मला तेच अधिक आवडू लागले आहे. नवीन नाटकाचे पहिले वाचन सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवले आहे. तेंडुलकरांच्या नाटकाच्या परवानगीचे पत्र आज पाठवते.

नेपथ्यशाळा

उत्तम. मग चौकट पहिल्याच नाटकासाठी बनेल, तर ती इब्सेनच्या मापाने बनवून घ्या, नंतर वाढवता येत नाही. ‘शांतता!’साठी कडी प्रेक्षकांना दिसेल अशा बाजूला हवी आणि बाहेरूनही एक हवी. तालमीच्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टीने नेपथ्याचा पूर्ण मापाचा आराखडा आखाल, तेव्हा दार कोणत्या बाजूला उघडते हेही त्यात दाखवा. नटांना सहा आठवडे एका बाजूला उघडणाऱ्या दाराची सवय लागली आणि खरे दार दुसऱ्या बाजूला उघडले, तर बेणारेबाईंची ती धडपड पहिल्या प्रयोगात खोटी दिसेल.