भाचा अग्निवीर, पहिलंच पोस्टिंग एलओसीला, घरच्यांनी बोलायचं काय?

सुदामानगरची_मावशी:
भाचा 19 चा, सागरला महार रेजिमेंटच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, कसम परेडला आम्ही सगळे जाऊन आलो आणि आता एकदम एलओसी. 2025 च्या मे मध्ये पूंछला गोळाबारी झाली ती टीव्हीवर बघितल्यापासून ताई धसकलीये, रोज त्याला फोन करून रडते आणि तो नुसता हो-हो करून राहिला. तिथे नेमकं काय असतं हो? महूकडचे कोणी फौजी असतील तर खरं सांगा, भाषण नको.

महूचे_काका:
ताई, मी 99 ला कारगिलच्या लढाईत द्रासला होतो, वय 21. चढाई रात्रीची, दम लागतो, पाठीवर दारूगोळा, आणि वर बसलेल्याला खालचं सगळं दिसतं. पहिला गोळा जवळ पडला की कुणाला उलटी होते, कुणाची चड्डीत होते, त्याला कोणी हसत नाही. हात मात्र चालतात, सेंटरला उस्तादांनी तेच तेच घोटून घेतलेलं असतं ना. मला जड गेलं ते नंतर. खाली आलो तर लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, पोळ्या जुन्याच गिनतीने केलेल्या, त्या उरल्या. कोणी काही बोललं नाही. बाकी पोस्टवरचे बरेचसे दिवस संत्री ड्यूटी म्हणजे पहारा, रसद वाहणं आणि थंडी यातच जातात, ते टीव्हीवाले दाखवत नाहीत.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
काका सलाम! पण टायगर हिलचे योगेंद्रसिंह यादव पण 19 चेच होते, परमवीर चक्र मिळालं!! आणि आमच्या ग्वाल्हेरच्या मिराज विमानांनी तर

महूचे_काका:
भिया, त्या लढाईत परमवीर 4 मिळाले, गेले 527. मावशींच्या ताईंना दुसराच आकडा दिसणार.

फौजीण_बडोदा:
मावशी, आधी ते रडके फोन थांबवा, नाहीतर तो तिकडे आईलाच सांभाळत बसेल. नेटवर्क नसतं, दोन दिवस फोन नाही आला म्हणजे काही झालं असं नाही. सुट्टीवर आला की झोपू द्या, पाहुण्यांना "किती मारले" विचारू देऊ नका, आमच्याकडे एकांनी विचारलं तर हे भरल्या ताटावरून उठले. रात्री दचकून उठत असेल, पिणं वाढलं असेल तर लपवू नका, युनिटच्या डॉक्टरांकडून मिलिटरी हॉस्पिटलला दाखवता येतं. आणि 48 लाखांच्या विम्याला नॉमिनी कोण लावलाय तेही विचारून ठेवा.

सुदामानगरची_मावशी:
नॉमिनीचं ताईसमोर नाही काढू शकत, भाऊजींना सांगते. फराळ पोचतो का तिकडे?

फौजीण_बडोदा:
पोचतो, पोस्टाने, केअर ऑफ 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. शेव जास्त पाठवा, त्याच्या वाट्याला मूठभरच येणार.