मदत हवी आहे: १९६९ च्या शेव्हेलचा गिअर शिफ्टर नेमका कोणता, आणि तिसरा गिअर का सुटतो?

नमस्कार.

मी ओहायो राज्यात राहतो. गेल्या वर्षी येथील एका वृद्ध शेजाऱ्यांकडून शेव्रोले कंपनीची १९६९ ची शेव्हेल मालिबू ही मोटार विकत घेतली. इंजिन ३५० घन इंचांचे असून गिअरबॉक्स चार गिअरचा आहे. या गाडीवर माझा मनापासून जीव जडला आहे आणि तिचे काम घाईने, अंदाजाने करण्याची माझी इच्छा नाही, म्हणून आतापर्यंत जे पाहिले ते सविस्तर लिहितो.

आधी गिअरबॉक्सविषयी. शेजाऱ्यांना तो एम-२२, म्हणजे जनरल मोटर्सच्या मन्सी येथील कारखान्यात बनणाऱ्या ‘मन्सी’ गिअरबॉक्सचा दणकट प्रकार, ज्याला येथे ‘रॉक क्रशर’ म्हणतात तो, वाटत होता. गाडीखाली जाऊन पाहिले तेव्हा कवच अॅल्युमिनियमचे, बाजूच्या झाकणाला सात बोल्ट, आणि रिव्हर्सचा लिव्हर त्या झाकणावर नसून मागच्या शेपटीच्या भागावर आढळला. त्या काळच्या सॅगिनॉ या दुसऱ्या गिअरबॉक्सचे कवच बिडाचे असते आणि त्याचे तिन्ही लिव्हर बाजूच्या झाकणावरच असतात. त्यामुळे हा मन्सीच आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही. कवचावर ३९२५६६० हा ओतीव क्रमांक आहे आणि ‘पी ९ डी ११ ए’ असा ठसा आहे. माझ्या वाचनाप्रमाणे ‘पी’ म्हणजे मन्सीचा कारखाना, ९ म्हणजे १९६९, ‘डी ११’ म्हणजे ११ एप्रिल आणि शेवटचा ‘ए’ म्हणजे मन्सीचा एम-२० हा प्रकार, ज्याच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२ असते. लिव्हर नटांनी नव्हे तर बोल्टांनी बसवलेले आहेत, तेही १९६९ शी जुळते. हे वाचन चुकत असेल तर कृपया सांगावे.

खरा प्रश्न शिफ्टरचा, म्हणजे गिअरची काठी ज्यावर बसते त्या यंत्रणेचा आहे. त्यावर हर्स्ट या शिफ्टर बनवणाऱ्या कंपनीचे नाव आहे. १९६९ मध्ये शेव्हेलला कारखान्यातूनच हर्स्ट शिफ्टर मिळू लागला हे मला माहीत आहे. परंतु माझ्या शिफ्टरच्या पुढच्या व मागच्या बाजूला चकनट लावलेला एकेक बोल्ट आहे, आणि तो कशासाठी आहे हे मला कळलेले नाही. हा शिफ्टर मूळचा आहे की नंतर बसवलेला?

त्रास असा आहे की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना काठी न्यूट्रलमध्ये अडखळते, जणू मध्ये एखादी पायरी आहे. तिसरा गिअर पडला तरी उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच तो सुटतो. एका गॅरेजमध्ये सिंक्रोनायझर (गिअर जुळताना त्यांचा वेग सारखा करणारे भाग) गेले असून संपूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगण्यात आले. मला ते पटले नाही, कारण इंजिन बंद असतानाही काठी तशीच अडखळते, म्हणजे दोष क्लचचा नाही. आणि शिफ्टरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सळया काढून गिअरबॉक्सचे लिव्हर हाताने हलवले तेव्हा प्रत्येक लिव्हर आपल्या जागी स्पष्ट खटका देऊन बसला. याशिवाय, रिव्हर्स टाकूनही किल्ली निघत नाही. या दोन्हींचा काही संबंध असावा का?

प्रतिसाद:

आपले ठशाचे वाचन बरोबर आहे. ते दोन बोल्ट म्हणजे स्टॉप बोल्ट असून ती हर्स्टच्या सुट्या विकल्या जाणाऱ्या ‘कॉम्पिटिशन प्लस’ शिफ्टरची ओळख आहे; आपला शिफ्टर बहुधा नंतर बसवलेला असावा. काठीचा धक्का गिअरबॉक्सच्या आतील भागांवर जाऊ नये म्हणून हे बोल्ट असतात, मात्र ते जास्त आत घुसवले तर काठी गिअर पूर्ण बसण्याआधीच थांबते आणि तो गिअर भार सुटताच बाहेर येतो.

गिअरबॉक्स उघडू नका. प्रथम तिन्ही लिव्हर न्यूट्रलला आणून शिफ्टरच्या छिद्रांतून पाव इंचाची सरळ सळई घाला. ती अलगद आरपार गेली पाहिजे. जात नसेल तर ज्या लिव्हरपाशी अडते त्याची जोडसळई सोडून तिचे टोक इतके फिरवा की ते लिव्हरच्या छिद्रातील बुशमध्ये (आतल्या नळीवजा अस्तरात) जोर न लावता बसेल. नायलॉनचे बुश झिजले असतील तर आधी ते बदला, नाहीतर जुळवणी टिकणार नाही. त्यानंतर दोन्ही स्टॉप बोल्ट मागे घ्या, काठी तिसऱ्या गिअरमध्ये घट्ट दाबून धरा, बोल्ट टेकेपर्यंत आत घ्या, काठी सोडा, बोल्ट एक फेरा मागे फिरवून चकनट आवळा. चौथ्यासाठी दुसऱ्या बोल्टवर हेच करा.

किल्लीचा विषय वेगळा आहे. १९६९ पासून या गाड्यांत रिव्हर्सच्या लिव्हरपासून स्टिअरिंग कॉलमपर्यंत एक सळई जाते आणि गाडी रिव्हर्समध्ये असल्याशिवाय किल्ली निघू देत नाही. ती जोडलेली आहे का ते पाहा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. पाव इंचाची सळई तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या लिव्हरपाशीच अडली. त्या लिव्हरच्या जोडसळईचे टोक अडीच फेरे फिरवावे लागले, आणि तेथील नायलॉनचा बुश झिजून लंबगोल झालेला निघाला. तिसऱ्याचा स्टॉप बोल्टही बराच आत होता. तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर काल सुमारे चाळीस मैल गाडी चालवली, त्यात एक लांब उतारही होता. तिसरा गिअर एकदाही सुटला नाही आणि न्यूट्रलमधली ती पायरीही गेली.

कॉलमकडे जाणारी सळई मात्र गाडीवर नाहीच. शिफ्टर बदलताना कोणीतरी ती काढून टाकली असावी. कॉलमच्या खालचा दांडा हाताने फिरवला की किल्ली निघते. कोणाकडे याच वर्षाची शेव्हेल असेल तर त्या सळईची लांबी आणि तिच्या दोन्ही टोकांची छायाचित्रे मिळू शकतील का? येथेही अंदाजाने काम करण्याची माझी इच्छा नाही.