मदत हवी आहे: वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप ठेवू की मोडू? (खानापूर, मराठी माध्यम)

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका सरकारी हायस्कुलात नववीला मराठी शिकवतो. पंधरा दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून हा धागा.

जूनमध्ये नववीचा व्हॉट्सॅप ग्रुप काढला. मुलांकडे स्वतःचे फोन नाहीत. घरात एकच चांगला फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत. म्हणजे अभ्यास जो काय व्हायचा तो रात्री आठनंतर. ज्यांचे वडील गोव्यात कामाला, त्यांचा अभ्यास वडील सुट्टीवर आले की. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट असते तेव्हा रेंज नसते, त्यामुळे व्हिडिओचा नाद पहिल्याच आठवड्यात सोडला आणि आवाजाच्या मेसेजवर आलो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेतीतला एक शब्द विचारायचा आणि त्याच्याच तोंडून रेकॉर्ड करून पाठवायचा, एवढंच.

इतकं चालेल असं वाटलं नव्हतं. एका पोरीने आजीला 'तरवा' (लावणीसाठी वाढवलेलं भाताचं रोप) विचारला. मागे पत्र्यावर धो धो पाऊस, आणि आजी म्हणते, "तरवा म्हाईत न्हाई व्हय तुझ्या मास्तरला? मग शिकवतोय काय त्यो?" पण पुढे रोप कधी काढायचं, पेंढी कशी बांधायची, चिखल किती झाला पाहिजे, सगळं त्या एका मेसेजात. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग आजीची नक्कल करत होता. वर्षभरात एकदाही हात वर न केलेला पोरगा त्या शनिवारी 'इरलं' (पावसात शेतात डोक्या-पाठीवर घेतात ते) घेऊन आला, शब्द नाही, खरंखुरं इरलं! 'शेतकरी जगाचा पोशिंदा आहे' या वाक्यापुढे ज्यांचा निबंध सरकत नव्हता, ती मुलं पायाच्या बोटांत रुतणाऱ्या चिखलाबद्दल लिहायला लागली.

मग १ नोव्हेंबर उजाडला. सीमाभागातल्यांना जास्त सांगायला नको. एका पालकाने काळ्या दिनाचा (सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा) फॉरवर्ड टाकला, दुसऱ्याने कर्नाटक राज्योत्सवाचा, तिसऱ्याने दोघांना सुनावलं. मी झोपलो होतो. सकाळी स्क्रीनशॉट माझ्याआधी शाळेत पोचला होता. हेडमास्तर रागावले नाहीत, चहा पाजला, आणि तेच जास्त लागलं. "ग्रुप तुमच्या नावावर आहे, सर. उद्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमधून विचारलं तर काय सांगायचं?"

त्याच आठवड्यात एका मुलीच्या घरी रात्री अनोळखी मिस्ड कॉल यायला लागले. नंबर ग्रुपमधूनच गेला की कसा, देव जाणे. पण तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, हे खरं. वडील काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले.

आता सेटिंग 'फक्त अ‍ॅडमिन' केलंय. भांडण थांबलं, पण मुलांचे आवाजही थांबले. ग्रुप म्हणजे नोटीस बोर्ड झालाय. मुलांना बोलता यावं, पण नंबर उघडे पडू नयेत आणि फॉरवर्ड शिरू नयेत, असं कोणी जमवलंय का?

प्रतिसाद, निपाणीहून

सर, ग्रुप मोडा आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. तुमचा मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, उत्तर फक्त तुमच्याकडे येतं, पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एक मेख आहे: पालकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचतच नाही. आम्ही महिनाभर 'अभ्यास का करत नाही' म्हणून पोरांना ओरडत होतो! पालकसभेला स्वतःच्या डोळ्यांसमोर सेव्ह करून घ्या.

प्रतिसाद

स्पष्ट बोलतो, राग नसावा. फोन हातात दिला की अभ्यासाचं नाव आणि रील्सचं गाव. एसएसएलसीला (दहावी बोर्डाला) पहिल्या भाषेचे १२५ मार्क, त्यात आजीच्या आवाजाला किती?

प्रतिसाद, बेळगावहून

वरच्या सरांना: आजीमुळे निबंध लांबला, ते मार्क धरा की.

मूळ प्रश्नाबद्दल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. व्हॉट्सॅपची स्वतःची किमान वयाची अट १३. म्हणजे फोन, खातं आणि संमती तिन्ही पालकांची, असंच धरून चला. एका चिठ्ठीवर लिहून घ्या: काय रेकॉर्ड करणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार. एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव करून वहीत नोंद करा. कोणी विचारलं तर तुमचा शब्द नको, वहीचं पान दाखवा. आणि तुमच्या त्या आजीलाही विचारा. आवाज तिचा आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आजीला विचारायचं खरंच सुचलं नव्हतं. उद्या जाऊन येतो, चार शब्द ऐकावे लागतील ते ऐकतो.

ब्रॉडकास्टचं पटलं, पण एक अडचण राहते. पोरं बोलत होती ती मला ऐकवायला नाही, एकमेकांना ऐकवायला. उत्तर फक्त माझ्याकडे आलं तर ती मजा गेली. म्हणून विचार असा: आठवडाभराचे आवाज जमवून शनिवारी शेवटच्या तासाला वर्गातच लावायचे, फक्त नाव सांगायचं, नंबर नाही. शाळेचा स्पीकर फक्त १५ ऑगस्टला कपाटातून बाहेर येतो, त्याची किल्ली मिळवणं हे वेगळंच प्रकरण आहे.

संमतीच्या चिठ्ठीचा नमुना कोणाकडे असेल तर इथे टाका. मराठीत मी लिहीन, ऑफिसच्या फाईलसाठी कन्नडमधली हवी. माझं कन्नड रजेच्या अर्जापुरतं चालतं, त्यापुढे क्लार्क हसतो.