मंगळवासी, टास्मानिया आणि तो पाद्री
काही जण म्हणतात की एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील हल्ल्याच्या कादंबरीत निव्वळ थरार आहे, राजकारण आपण मागाहून चिकटवतो. अजिबात पटलं नाही. पहिल्याच प्रकरणात वेल्स ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचं नाव घेतो आणि म्हणतो: युरोपियनांनी तिथली मूळ माणसं पन्नास वर्षांत संपवली, मग मंगळवासीयांबद्दल कोणत्या तोंडाने तक्रार करायची? इंदूरच्या रेसिडेन्सी कोठीवरून, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या जुन्या बंगल्यावरून, रोज जाणाऱ्या माझ्यासारख्याला साम्राज्यवादाचं हे रूपक शोधावं लागत नाही. धर्माचं म्हणाल तर त्यातला पाद्री बघा. सगळं जळत असताना तो ‘आपलं काय पाप झालं’ म्हणत हातपाय गाळून बसतो, आणि निवेदक त्याला थेट सुनावतो की संकटात कोसळणारा धर्म काय कामाचा! माझ्या मते तो प्रसंग मंगळवासीयांच्या यंत्रांपेक्षाही जबरदस्त आहे.