मदत हवी आहे : फॉइल आणि प्लास्टिकऐवजी काय वापरता?

परवा स्टीलच्या भांड्यात टोमॅटोचा उरलेला रस्सा ठेवला आणि वर अॅल्युमिनियम फॉइल लावली. सकाळी बघते तर जिथे रस्सा लागला होता तिथे फॉइलला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं! आंबट-खारट पदार्थ अॅल्युमिनियमला खातात हे वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हापासून फॉइल बंद.

प्लास्टिकचे डबे आधीच कमी केलेत. तळाला 5 आकडा असलेले, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे, दोन-तीन ठेवलेत, तेही कोरड्या जिन्नसांपुरते. पदार्थ गुंडाळायला मधमाशीचं मेण लावलेलं मेणकापड आणलं. ब्रेडला, अर्ध्या चिरलेल्या काकडीला झकास. पण हे मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पदार्थाला ते चालत नाही आणि कढत पाण्याने धुताही येत नाही. (एक कापड वाया घालवून हे शहाणपण आलं.)

तर डब्यात न्यायचं गरम खाणं तुम्ही कशात गुंडाळता? सुती फडक्यात ते घटकाभरात गार होतं. काचेच्या बरण्या फ्रीझरमध्ये कोणी ठेवतं का? रस्सा गोठताना फुगतो, मग वर किती जागा सोडता? आणि सिलिकॉनच्या झाकणांना धरलेला कांद्या-लसणाचा वास कशाने जातो?

‘स्टील वापर’ एवढंच सांगू नका हं, ते घरात भरपूर आहे!