संकटकाळी लोकांना माहिती देणाऱ्या गटासाठी रंगीत तालीम कशी आखावी?

धागाकर्ती: दुर्घटना घडल्यास किंवा साथ पसरल्यास लोकांपर्यंत माहिती पोहोचवण्याची जबाबदारी आमच्या सहा जणांच्या गटावर आहे. आजवर आमचे प्रशिक्षण व्याख्याने आणि कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा सराव यांपलीकडे गेलेले नाही. बचाव पथकांच्या तालमीत आम्हाला फक्त छायाचित्रे काढण्यासाठी बोलावतात, याची मनापासून खंत वाटते. कमी खर्चात सुरुवात कशी करावी, याबद्दल कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद १: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशा सरावांचे चार प्रकार आहेत : टेबलाभोवती बसून केलेली चर्चा, एखाद्याच कृतीची ड्रिल, कार्यालयात बसून खऱ्या वेळेनुसार केलेला सराव आणि प्रत्यक्ष मैदानावरील पूर्ण तालीम. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. त्याला एक खोली आणि अर्धा दिवस पुरतो. सूत्रधाराने आधी लिहून ठेवलेल्या घटना ठरावीक वेळाने चिठ्ठ्यांवर द्याव्यात : मृतांच्या आकड्याबद्दल पत्रकाराचा फोन, समाजमाध्यमांवरची अफवा, दोन विभागांकडून आलेली परस्परविरोधी माहिती. मात्र मजकुराला मंजुरी देणारे वरिष्ठ अधिकारी खोलीत असलेच पाहिजेत, कारण माझ्या अनुभवात मजकूर वीस मिनिटांत तयार झाला, पण सही कोणाची घ्यायची हे ठरवण्यात दीड तास गेला, आणि हा अडथळा प्रवक्त्याला बोलण्याचे कितीही धडे दिले तरी दूर होणारा नव्हता.

प्रतिसाद २: वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. सरावाचा मजकूर खऱ्या यंत्रणेतून बाहेर जाणार नाही, याची काळजी मात्र आवर्जून घ्यावी. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये सरावाच्याच वेळी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा लोकांच्या मोबाइलवर गेला. सरावाच्या ध्वनिमुद्रित संदेशात 'हा सराव आहे' आणि 'हा सराव नाही' अशी दोन्ही वाक्ये होती, आणि इशारा मागे घेणारा मजकूर आधी तयार नसल्यामुळे मोबाइलवर दुरुस्ती पोहोचायला ३८ मिनिटे लागली. म्हणून प्रत्येक कागदावर, प्रत्येक ईमेलच्या विषयात 'केवळ सराव' असे लिहा, आणि चुकीची माहिती मागे घेण्याचा सरावही त्याच दिवशी करा. तो बहुतेक ठिकाणी राहूनच जातो.

धागाकर्ती: मनःपूर्वक आभार. सराव संपल्यावर चुकांची चर्चा करताना कनिष्ठ सहकारी दुखावले जातील, अशी भीती वाटते.

प्रतिसाद १: चर्चा त्याच दिवशी, खोली सोडण्यापूर्वी करा आणि पहिल्यांदा बोलण्याची संधी कनिष्ठांनाच द्या. निरीक्षकाने कोणाचेही नाव न घेता वेळा वाचून दाखवाव्यात : बातमी कधी आली, पहिला मजकूर कधी लिहिला, मंजुरी कधी मिळाली. त्यानंतर प्रत्येक सुधारणेपुढे ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहा, आणि तीन महिन्यांनी तीच मंजुरीची साखळी वेगळ्या प्रसंगावर पुन्हा तपासा.